निवडुंगाचं बी पेरतो, त्याबद्दल थोडं



मागच्या आठवड्यात ज्वारीचा फोटो टाकला होता. त्यात मागं पत्र्याखाली ठेवलेला एक ट्रे दिसला आणि तेव्हापासून विचारणा चालू आहे. "दादा, ते हिरवे मणी कसले?" "कुठल्या भाजीचं रोप?" एका कृषी सहायक साहेबांनी तर फोटो मोठा करून बघितला आणि फोनच केला. भाजी नाही. निवडुंग आहेत ते, बियांपासून केलेले. वय दहा महिने, आकार हरभऱ्याएवढा. आज त्यावरच लिहितो. जरा लांबलंय, सवडीनं वाचा.

पहिल्यांदा उत्पन्नाचं सांगून टाकतो, कारण आपल्यातला कोणीही पहिला प्रश्न तोच विचारणार. यातून काही मिळत नाही. गेल्या वर्षी बत्तीस रोपं एका नर्सरीवाल्याला दिली, तीन हजार आले, त्यात शेडनेट आणि दोन ट्रे आले. विषय संपला. उद्या कुणी "निवडुंग लावा, बायबॅक देतो" म्हणत गावात आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. एमू बघितले, कोरफड बघितली, सफेद मुसळी बघितली. ही हौस आहे. तिचा सातबारा वेगळा.

आता निवडुंग म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू. आपल्या बांधावरचा शेर किंवा तीनधारी निवडुंग कोयत्यानं छाटला की पांढरा चीक येतो. त्याला आपण निवडुंग म्हणतो, पण ते एरंडाच्या कुळातलं झाड. खऱ्या निवडुंगाची खूण अशी: काटा जिथून निघतो तिथं लोकरीसारखी बारीक गादी असते. काटे, फूल, फुटवा, सगळं त्या गादीतूनच येतं. आपल्या माळावरचा फड्या निवडुंग खरा निवडुंग, आणि तो इथला नाही, अमेरिका खंडातून आलेला. एक जात सोडली तर हे सगळं कूळच तिकडचं. ज्यांनी ड्रॅगन फ्रूट लावलंय ते तर निवडुंगाचेच बागायतदार आहेत, फक्त त्यांना तसं कोणी म्हणत नाही.

माझ्याकडं हे कसं आलं ते सांगतो. आमची तीन एकर डाळिंब होती, भगवा. सांगोल्याकडच्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही. ऑक्टोबर २०२० ला अतिवृष्टी झाली, मुळं दहा-बारा दिवस चिखलात राहिली. तेल्या होताच, मागोमाग मर आली, खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा भुंगेरा आला. औषधं झाली, आळवणी झाली, खोडाला लेप झाले. डिसेंबर २०२१ मध्ये जेसीबी लावून बाग काढली. ज्यांनी काढली त्यांना माहीत आहे, तो आवाज कानातून लवकर जात नाही. वर बँकेचं देणं उभं. मुलगा चाकणला कंपनीत लागला. मी रानात जायचो, बांधावर बसायचो, परत यायचो. काढलेल्या बागेकडं बघवत नव्हतं, आणि शेतकऱ्यानं रानाकडं बघायचं बंद केलं की पुढं काय होतं हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको.

त्या जानेवारीत पंढरपूरला एका निवृत्त मास्तरांकडं कामानिमित्त गेलो होतो. त्यांच्या गच्चीवर तीनेकशे निवडुंग. निघताना त्यांनी कागदाच्या पुडीत वीस बिया दिल्या. म्हणाले, "डाळिंबवाले ना तुम्ही? मग हात चांगला असणार. बघा पेरून."

बी ॲस्ट्रोफायटम मायरिओस्टिग्मा या जातीचं. ग्रीक भाषेतून आलेलं नाव आहे, अर्थ चांदणी-झाड. मूळ मेक्सिकोचं. पाच धारा, वरून बघितलं तर खरंच चांदणी. काटा नाही, अंगावर पांढरे ठिपके. बी निवडुंगाच्या मानानं मोठं, तपकिरी, होडीसारखं. बाकीच्या बऱ्याच निवडुंगांचं बी खसखशीसारखं, श्वास जोरात सोडला तरी उडून जाईल.

पेरणी कशी करतो ते सविस्तर लिहितो, कारण यातलं बरंच भाजीपाल्याच्या रोपवाटिकेलाही चालतं.

माती आपली काळी अजिबात नको. ती पाणी धरते आणि चुनखडीही असते. मी ओढ्याची जाड वाळू चाळून धुऊन घेतो, दोन भाग. वीटभट्टीवरचा चुरा एक भाग, त्यातली भुकटी चाळून काढतो. कोकोपीट एक भाग. एवढंच. शेणखत नाही, गांडूळखत नाही, पहिल्या सहा महिन्यांत खताचं नावच नाही. हे मिश्रण जुन्या पातेल्यात झाकण ठेवून अर्धा-पाऊण तास वाफवतो. पातेलं त्यासाठी वेगळं ठेवलंय, नाहीतर घरात भाकरी मिळणार नाही.

बी मातीत गाडायचं नाही. ह्याला उजेड लागतो. वर ठेवायचं आणि बोटानं हलकं दाबायचं. बारीक बी मी बाभळीच्या काट्याचं टोक ओलं करून उचलतो.

पाणी वरून नाही. ट्रे ताटात ठेवायचा आणि ताटात पाणी घालायचं, माती खालून ओढून घेते. पाणी बोअरचं नको. आमच्या बोअरच्या पाण्याला क्षार इतके की ठिबकच्या ड्रिपरवर पांढरं साचतं, तर नखाएवढ्या रोपाचं काय होईल? पत्र्याचं पावसाचं पाणी दोन कॅनमध्ये भरून ठेवतो, वर्षभर पुरतं. पहिल्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम कार्बेन्डाझिम.

मग ट्रे मिठाईच्या पारदर्शक डब्यात ठेवून झाकण लावायचं. वाळवंटातलं झाड आणि डब्यात कोंडून ओलं ठेवायचं, हे ऐकून सगळे हसतात. पण मोठं झाड दुष्काळ सोसतं, कारण त्याच्या पोटात पाणी असतं. कालच्या रोपाच्या पोटात काय असणार? ॲरिझोनात सग्वारो नावाचा निवडुंग आहे, तोच तो सिनेमात दिसणारा, हात वर केलेला, चाळीस फुटांपर्यंत जाणारा. त्याचं रोपसुद्धा उघड्यावर सहसा टिकत नाही. दुसऱ्या झाडाच्या बुडाशी, सावलीत पडलेलं बी जगतं. तिकडं त्या झाडांना दाई-झाड म्हणतात. आपण मिरचीच्या रोपाला शेडनेट करतो तेच. पहिल्या आठ वर्षांत ते एक-दीड इंच वाढतं, फूल यायला पस्तीसेक वर्षं, हात फुटायला पन्नास ते सत्तर. हे वाचल्यावर माझ्या हरभऱ्याएवढ्या रोपांना मी काही बोलत नाही.

वेळ म्हणाल तर आमच्याकडं फेब्रुवारीचा शेवट किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. पंचवीस ते तीस अंश तापमान मिळालं की झालं. एप्रिल-मेमध्ये डब्यात ठेवलं तर बी शिजेल. ॲस्ट्रोफायटमचं ताजं बी तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुगतं आणि फुटतं. बाकीचे आठ-दहा दिवस घेतात, काही महिनाभर बसून राहतात. महिना-दीड महिन्यानं झाकण रोज थोडं थोडं उघडायचं. एकदम नाही.

दुश्मन तीन. पहिला रोपं कोलमडणं. मिरची-टोमॅटोच्या रोपवाटिकेत बुडाशी काळं पडून रोप आडवं होतं, तेच. एक आडवं झालं की ते चिमट्यानं मातीसकट काढायचं, डब्याला हवा द्यायची. दुसरं शेवाळ. माती सतत ओली असली की हिरवा थर चढतो आणि रोप गुदमरतं. वर जाड वाळूचा पातळ थर दिला की कमी होतं. तिसरी बारीक काळी माशी, तिच्या अळ्या कोवळी मुळं खातात. पिवळे चिकट सापळे आपल्याला नवीन नाहीत, बोटाएवढा तुकडा कापून डब्याशेजारी लावायचा. पुढं झाड मोठं झालं की पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी. दोघं आपल्या ओळखीचे.

वीसपैकी सतरा उगवले. पहिल्या वर्षाअखेर अकरा राहिले. आज नऊ आहेत.

आमच्या आईचं वय ब्याऐंशी. तिनं पहिल्या आठवड्यातच विचारलं, "काटं कशाला पेरतुयास? काटं काय कमी हायेत का?" काटेरी झाड दारात नको, घरात भांडणं होतात, हेही झालं. म्हणून ट्रे दारात न ठेवता गोठ्याच्या पत्र्याखाली ठेवला, म्हशीला भांडायला कोण आहे? मंडळी सुरुवातीला काही बोलल्या नाहीत. पण एक दिवस मी सोलापूरला गेलो होतो, संध्याकाळी परत आलो तर म्हणाल्या, "आवं, त्यातलं एक आडवं झालंय, कोपऱ्यातलं. म्या काढून टाकलं." म्हणजे त्यासुद्धा रोज बघत होत्या.

बघण्याबद्दलच थोडं लिहायचं आहे. डाळिंबाची आमची साडेअकराशे झाडं होती. सगळी गुटीची, सगळी भगवा. गुटी म्हणजे त्याच झाडाची फांदी, रूप तेच, गुण तेच. बाजाराला ते बरं, फळ सारखं मिळतं. मर कशानं आली याची कारणं आपल्या तज्ज्ञ मंडळींनी बऱ्याचदा सांगितलीत, निचरा, बुरशी, सूत्रकृमी, भुंगेरा, त्यात मी भर घालत नाही. पण सारखेपणाची एक सवय लागते. साडेअकराशे झाडं म्हणजे "बाग". एका झाडाकडं वेगळं असं कोण बघतो?

बियांच्या ट्रेमध्ये तसं चालत नाही. एकाच फळातल्या वीस बिया, पण दोन वर्षांनी नऊ झाडांची नऊ रूपं. एकाला पाचच्या ऐवजी चारच धारा, चौकोनी, पेढ्याच्या डब्यासारखं. एकावर ठिपके इतके दाट की राख फासल्यासारखं. एकावर ठिपके जवळजवळ नाहीतच, हिरवंगार. एक सगळ्यात मागं होतं, वर्षभर मटकीएवढंच, आणि आज तेच सगळ्यात जाड आहे. परागीकरणात बापाकडून काय आलं, आईकडून काय आलं, ते बी फुटल्याशिवाय कळत नाही. कलम-गुटीत हे कधी बघायला मिळत नाही. आपले आजोबा ज्वारीची कणसं रानात उभी असतानाच निवडून बियाण्याला बाजूला काढायचे, ते याच नजरेनं.

आणखी एक गोष्ट, कृषी पदवीच्या मुलांसाठी. निवडुंग दिवसा पानरंध्रं बंद ठेवतो आणि रात्री उघडतो. कार्बन डायऑक्साइड रात्री घेतो, आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा सूर्य आल्यावर वापरतो. म्हणून पाणी कमी उडतं. अननस आणि ड्रॅगन फ्रूट हेच करतात. आता नर्सरीत लाल-पिवळ्या डोक्याचे निवडुंग मिळतात बघा, हिरव्या दांड्यावर बसवलेले. त्या लाल डोक्यात हरितद्रव्यच नाही. बी उगवलं तरी स्वतःच्या मुळावर ते जगू शकत नाही, म्हणून ड्रॅगन फ्रूटच्या जातीच्या खुंटावर कलम केलेलं असतं. खुंट राबतो, डोकं मिरवतं. अशी घरं आपल्याही गावात आहेत.

गोल्डन बॅरल नावाचा एक निवडुंग आहे, पिवळ्याधमक काट्यांचा गोल. शहरातल्या बंगल्यांच्या बागेत, हॉटेलांच्या दारात हमखास दिसतो. तो मूळचा मेक्सिकोत केरेतारो भागातल्या दऱ्यांमधला. १९९० च्या दशकात तिथं झिमापान धरण झालं आणि त्याची मूळ जागा बरीचशी पाण्याखाली गेली. आधीच लोक उपटून नेत होते, त्यात धरण. जंगलातला गोल्डन बॅरल आज धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे, आणि जगभरातल्या नर्सऱ्यांमध्ये तोच लाखोंनी आहे. सगळा बियांच्या जोरावर. आमच्या नात्यातली दोन घरं उजनीच्या पाण्याखाली गेलेल्या गावची. त्यामुळं हे वाचलं तेव्हा मी मोबाईल बाजूला ठेवून बराच वेळ बसलो. दोन गोल्डन बॅरल माझ्याकडंही आहेत, लिंबाएवढे. ते कुठल्या दरीचे वारस आहेत ते त्यांना माहीत नाही, मला आहे.

आता मुख्य मुद्दा. २०२४ च्या उन्हाळ्यात मुलगा सुट्टीवर आला. रानात फिरता फिरता त्यानं विचारलं, "आण्णा, परत डाळिंब धरायचं का? का मी रान वाट्यानं द्यायचं बघू?" प्रश्न साधा होता, पण त्याच्या पोटात सगळं होतं. देणं अजून पूर्ण फिटलेलं नव्हतं. माझी पंचावन्नी उलटली होती. रान वाट्यानं दिलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती.

मी त्याला पत्र्याखाली नेलं. नवीन आणलेला निवडुंग मी इतरांत लगेच मिसळत नाही. कुंडीतून काढतो, मुळं धुतो, मुळांवर पांढरा पिठ्या आहे का बघतो, आणि महिना-दीड महिना वेगळ्या कोपऱ्यात ठेवतो. हे त्याला दाखवलं आणि म्हटलं, "डाळिंब धरू. पण असं धरू."

तीन एकर नाही, एकच एकर. पंधरा बाय दहा फुटांवर, दोनशे नव्वद झाडं. गादीवाफे उंच केले, दोन्ही बाजूंनी चर काढून पाणी ओढ्याला सोडलं. रोपं तीनशे वीस आणली आणि आल्या दिवशी लावली नाहीत. सहा आठवडे गोठ्याच्या पलीकडं शेडनेटखाली वेगळी ठेवली. प्रत्येक पिशवी उघडून मुळं बघितली, एकेक. मी आणि मंडळी, रोज पन्नास-साठ. सव्वीस रोपांच्या मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी सापडल्या, ती जाळली. उरलेल्यांतली दोनशे नव्वद लावली, चार नांग्यांसाठी ठेवली. गावात हसले. "आण्णा डाळिंबाची सोयरीक बघतोय" म्हणाले. बाकीच्या दोन एकरांत मालदांडी आणि तूर.

ऑगस्ट २०२४ ची लागण. आज दोनशे सत्त्याऐंशी झाडं उभी आहेत. पहिला बहार अजून धरलेला नाही, त्यामुळं जिंकलो वगैरे म्हणत नाही. पाऊस यायचा आहे, बाजार यायचा आहे, भुंगेरा कुठं गेलेला नाही. पण प्रत्येक झाडाला नंबर आहे आणि वहीत त्याचं पान आहे. सकाळी एक ओळ तरी फिरून होते. एकशे बारा नंबरचं झाड मागं आहे, का मागं आहे ते या महिन्यात शोधायचं आहे.

त्या नऊ ॲस्ट्रोफायटमपैकी दोघांना यंदा एप्रिलमध्ये पहिलं फूल आलं, पेरल्यापासून तीन वर्षं दोन महिन्यांनी. फिकट पिवळं, रेशमासारखं, उन्हात उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. ह्याला स्वतःचा पराग चालत नाही, दुसरं झाड लागतं, तेही त्याच दिवशी फुललेलं. चारधारी आणि ते मागं राहिलेलं जाड, या दोघांची फुलं एका दिवशी उघडली. मुलांच्या रंगपेटीतल्या ब्रशनं इकडचं तिकडं केलं. जूनच्या सुरुवातीला फळ पिकून तडकलं, बासष्ट बिया निघाल्या. आईला दाखवल्या तर तळहातावर घेऊन म्हणाली, "तिळावाणी हायेत की. ठीव जपून, पाऊस पडल्यावर टाक." सप्टेंबरात चाळीस पेरल्या, सदतीस उगवल्या. सध्या मोहरीपेक्षा थोडे मोठे आहेत. चार धारा किती जणांत उतरतात ते कळायला अजून दोन वर्षं आहेत.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी विकतचं महाग बी आणू नका. बाजारातून एक ड्रॅगन फ्रूट आणा. चमचाभर गर फडक्यात धुवा, काळं बी सावलीत वाळवा, वर लिहिलं तसं पेरा. आठवड्यात उगवेल. ते फळासाठी ठेवू नका, बियांच्या झाडाला फळ यायला बरीच वर्षं लागतात आणि आईसारखं येईलच असं नाही, म्हणून तर बागायतदार छाटकलम लावतात. पण हात बसेल, आणि पुढं कलमाला खुंट म्हणून ती रोपं उपयोगी पडतील.

माझ्याकडं ॲस्ट्रोफायटमच्या बावीस बिया शिल्लक आहेत. पाच-पाचच्या चार पुड्या करून ठेवल्यात, रानाकडं कोणी आलं तर घेऊन जा. दोन मी ठेवतोय. येताना पावसाच्या पाण्याची सोय आहे का ते घरी बघून या.